कातळपेठेत खडा रडला

शप्पथ! खाडीची शप्पथ, आगराची शप्पथ, तोंडात उरलेल्या चार दातांची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निघाला तर जिभेवर मिठाचा खडा ठेवीन आणि तो विरघळेस्तोवर तोंड उघडणार नाही. जे मला ओळखतात त्यांना ठाऊक आहे, याहून मोठी शिक्षा मला देता येत नाही.

तर त्या वैशाखात, खडा बांधायच्या दिवशी सकाळी, तुळसा कड्यावर पाय सोडून बसलेली. चौदा वर्षांची पोर. बाजूला रिकामा हंडा आडवा पडलेला. खाली, पार खाली, कल्याणची खाडी चांदीच्या साखळीसारखी पडलेली. कुणीतरी रात्री गळ्यातून काढून ठेवली आणि उचलायला विसरलं, तशी. तिच्याही पलीकडे, ठाण्याच्या अंगाला, मिठागरं. वरून बघितलं तर आरशाचे तुकडे. मधेच आगगाडी जायची, एवढीशी, धुराचा पदर सोडत. आवाज मागाहून यायचा, गाडी दिसेनाशी झाल्यावर, जसा काही दुसऱ्याच कुणाच्या झोपेतून आलाय.

तुळसाला वाटायचं, आपण इथे बसलोय ते खरं, का खाली त्या आरशात कुणी बसलंय आणि आपण तिला दिसतोय, ते खरं? असलं काहीबाही तिला फार वाटायचं.

"तुळसे!" घरातून हौसाबाई ओरडली. "पाणी आणाला गेलीस का पाणी बनवाला गेलीस गो? पाव्हणे अर्ध्या डोंगरात आले!"

"आलू गो आय!" तुळसा म्हणाली आणि हलली नाही.

पाहुणे म्हणजे तिचा थोरला काका महिपत आणि मानपाड्याचा परशुराम पाटील. परशुरामाचा मुलगा गोविंदा, आणि त्याला ही तुळसा. ठाण्याला टेंभी नाक्यावर कुणाच्या तरी हळदीत दोघं ताडी पिऊन रंगात आलेले. परशुराम म्हणाला, "महिपत, तुझ्यासारखा माणूस आख्ख्या खाडीला नाय!" महिपत म्हणाला, "तर मंग माझी पुतनी तुझी सून!" झालं. चारचौघांत शब्द गेला. आगरी माणसाचा शब्द म्हणजे बांध फुटल्यावर आत आलेली भरती, मागे ढकलता येत नाही.

आणि महिपतच्या शब्दावर कातळपेठेत कोण बोलणार? तुळसाचा बाप काळुराम? तो तर भावाच्या तांदळावर जगलेला माणूस. ते कसं, ते सांगते, कारण ते मला फार आवडतं.

सरकारने लहान मिठागरं बंद केली तेव्हा महिपत खालीच राहिला, दुसऱ्याच्या आगरात राबायला. काळुराम म्हणाला, मी नाय राबणार. त्याने डोकं चालवलं. डोंगरावर कातळपेठ. गोऱ्या साहेबांचे मूठभर बंगले, एक बाजार, एक मारुती. तिथे मीठ पिकत नाही. मीठ आपल्याकडे आहे. मग वर जाऊन मीठ विकू! बायको, पोर, म्हातारी आई आवडाबाई आणि बैलांच्या पाठीवर मिठाची पोती घेऊन गडी वर आला. कधी? आषाढात! पाण्यातून मीठ कसं काढायचं हे त्याच्या खापरपणज्यालाही ठाऊक होतं. हवेतसुद्धा पाणी असतं, हे त्या घराण्यात कुणी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. ढग रात्रभर पोत्यांशी बसला. सकाळी पोती चपटी, आणि दुकानातून निघालेला खारट ओहोळ वाकडातिकडा कड्याकडे चाललेला. त्या साली समुद्र वर सरकला असं समजून खाडीतली कोळंबी धबधबा चढून कातळपेठेत आली. हसू नका. हौसाबाईने तिचं कालवण केलेलं.

पुढे काळुरामने सुक्या मासळीचं दुकान टाकलं, ते चाललं. पण चालेपर्यंत महिपतने खालून तांदूळ पाठवला, दर बाजाराला, न विसरता, एकदाही न बोलून दाखवता. असल्या भावाला "नको" कसं म्हणणार?

तुळसाने सगळ्यांना विचारून बघितलेलं.

"आय, तू सांग ना काकाला."

"थोरल्या दिरापुढं मी तोंड उघडू? डोस्का फिरलाय का तुझा?"

"बा, तू सांग."

काळुरामने बोंबलांची माळ उलटीपालटी केली. "दादानं शब्द दिलाय, बाय."

"मंग आजी, तू?"

आवडाबाईने मिश्रीचं बोट हिरड्यांवरून फिरवलं, थुंकली, आणि म्हणाली, "मी कनाला सांगू? मीठ सांगंल."

हंडा भरून तुळसा घरी आली तेव्हा दोघेही ओटीवर टेकलेले. परशुराम पाटील चांगला गलेलठ्ठ, कमरेला ताडीचा भोपळा, तोंड लाल, बोलायला दम नाही. महिपत मात्र खांबाला टेकून शांत बसलेला, काटकुळा, पाय पुढे पसरलेले.

तुळसाने पाणी दिलं. मग रिवाजाप्रमाणे काकाचे पाय धुवायला बसली. आणि हात लावला तो थांबली. पायांच्या भेगा अशा, की बोट आत जाईल. घोट्यापर्यंत कातडं पांढरं, राठ, जुन्या होडीच्या फळीसारखं. ती आत गेली, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि एकेका भेगेत तेल जिरवायला लागली.

"राहू दे गो," महिपत म्हणाला.

"दुखतात?"

"आता नाय दुखत. आता ते माझे नायतच. आगराचे हायत."

"काका, खरं का, मिठागरातल्या मानसाचं पाय चितेत जळत नाय?"

"कोन बोलला तुला?"

"आय बोलली. तिच्या बापाचं नव्हतं जळलं."

 दारात हौसाबाई उभी होती, ती चटकन चुलीकडे वळली.

तुळसाने दुसरा पाय मांडीवर घेतला. तिने मान वर केलीच नाही. सहज, आज भाजी कसली विचारावं तसं विचारलं, "मानपाड्याचं आगर मोठं हाय ना काका? माझं पाय पन असंच होतील?"

महिपतने पाय काढून घेतला. "झालं. बस झालं आता," म्हणाला. आणि कड्याकडे बघत राहिला.

परशुरामला एवढ्यात दम आलेला. "महिपत," तो म्हणाला, "पोरगी चांगली हाय. पन ऐक, दर सनाला सुनेला माहेरी सोडाला हा डोंगर कोन चढंल? मी?"

"डोली करू," महिपत म्हणाला.

"मना उचलनारी डोली?" परशुराम स्वतःच हसला. मग हसू आवरून भोपळा चाचपला. "आमचा गोविंदा पन... म्हंजे, गप गप असतो. जेवत नाय नीट."

"लाजतो."

"हां. लाजत असंल." आणि त्याने एवढा मोठा सुस्कारा टाकला की ओटीवर वाळत घातलेला जवळा उडाला.

आता खडा बांधणं म्हणजे काय, ते. या घराण्यांची ती जुनी चाल. शब्द झाला तरी लग्न ठरत नाही. मुलाकडचा एक मुठीएवढा मिठाचा खडा आणि मुलीकडचा एक खडा, दोन्ही पांढऱ्या फडक्यात एकत्र बांधायचे, आढ्याला टांगायचे, खाली पितळी ताट. दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत. फडकं कोरडं राहिलं तर खडा हसला, लग्न पक्कं. ओलं झालं तर खडा रडला. मग लग्न नाही. का नाही, ते कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणावर रुसायचं नाही. शब्द ज्याचा त्याला परत.

खाली खाडीकाठी वैशाखात खडा कधीच रडत नाही. म्हणून तर तिथे लग्नं वैशाखात! महिपत म्हणत होता, खडा माझ्या घरी बांधू. पण आवडाबाई अडून बसली. "पोरगी जिथली, खडा तिथला. तुझ्या बापाचा खडा माझ्या बापाच्या घरी बांधलेला, विसरलास?" आईपुढे महिपतचं काय चालणार.

जेवणं झाली. कोळंबी, भाकरी, कैरीची आमटी. आवडाबाईने फडकं स्वतः बांधलं, सगळ्यांना दाखवलं, आढ्याला टांगलं. "मी हितं उंबऱ्यात बसते राखन," ती म्हणाली. "तुम्ही सगळी पडा जरा."

सगळी पडली. परशुराम ओटीवर, महिपत मागच्या पडवीत, काळुराम दुकानात पोत्यांवर, हौसाबाई चुलीपाशी.

तुळसा माळ्यावर. तिच्या पोटाशी करवंटी होती, पाण्याने भरलेली. तिने सकाळीच ठरवलेलं. कड्यावर बसली होती ते काय उगाच? सगळी झोपली की माळ्यावरून हात खाली करायचा, माळ्यालगतच तर फडकं लोंबत होतं, आणि करवंटी उपडी करायची. पाप लागेल ते लागेल. पण आजी उंबऱ्यात. आजीची पाठ होती इकडे, तरी आजीच्या पाठीलाही डोळे होते हे सगळ्या घराला माहीत.

आणि तेवढ्यात ढग आला.

आधी दाराशी घुटमळला, नवख्या पाहुण्यासारखा. मग आवडाबाईच्या डोक्यावरून आत शिरला. खिडकीतून दुसरा आला. चूल, जातं, पाटावरवंटा, सगळं हळूहळू पांढऱ्यात बुडालं. खाली घर उरलंच नाही, नुसतं दूध. तुळसाला वाटलं माळा तरंगतोय, आपण तरंगतोय, आता ही होडी सुटणार आणि दारातून निघून कल्याणवरून, खाडीवरून, आगगाडीच्या धुरावरून कुठल्या कुठे जाणार. तिचे डोळे मिटायला लागले.

बांगड्या वाजल्या.

तुळसाने श्वास रोखला. ढगात कुणीतरी होतं. माणूस दिसत नव्हतं, नुसता एक हात वर आला, हिरव्या बांगड्यांचा. त्या हातात ओला पदर. पदर फडक्याभोवती गुंडाळला, पिळला. टप् टप् ताटात पडलं. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि कुणीतरी पुटपुटलं, "माझ्या बापाचं पाय तेवढं पुरं झालं." बांगड्या चुलीकडे गेल्या.

उंबऱ्यातून आवडाबाईने खाकरून ओवी धरली. मोठ्याने. पाठ घराकडेच ठेवून.

तुळसाने करवंटी उचलली. आता तिचं काम अर्ध्यावर आलेलं. पण तोवर खोकला ऐकू आला. सुक्या मासळीची पोती उचलणाऱ्याला येतो तो, कोरडा, दोनदा. मग बोंबलांचा वास. ढगातून एक तांब्या वर आला. धार पडली, थेट फडक्यावर, भसाभसा. अशी धार की आवाजाने स्वतः ओतणाराच घाबरला. "दादा, मना माफ कर," तांब्या म्हणाला आणि पळाला. जाताना कशाला तरी अडखळला. आवडाबाईची ओवी आणखी वर चढली.

तुळसाच्या हातातली करवंटी आता हिंदकळायला लागली, कारण तिला हसू येत होतं. 

मग बराच वेळ कुणी नाही. ढग नुसता श्वास घेत होता. आणि मग पावलं. सावकाश, घासत येणारी. ढग जमिनीपाशी जरा विरळ झालेला, त्यातून तिला पाय दिसले. भेगांचे, तेल लावलेले. तेल अजून चमकत होतं.

ते पाय फडक्याखाली आले आणि थांबले. ज्याचे ते पाय होते, त्या माणसाने जन्मभर एकच काम केलेलं: मीठ पाण्यापासून वाचवायचं. बांध घालायचे, पावसाआधी रास झाकायची, रात्री उठून भरतीशी भांडायचं. त्याला पाणी ओतता येईना. तो नुसता उभा. मग त्याने फडकं ओंजळीत धरलं, तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसं, आणि त्याला कपाळ टेकवलं. "लक्षुमी," तो मिठाला म्हणाला, "एवढी बारी ऐक. पोरगी हाय." आणि ओंजळ आवळली. आतला उरलेला खडा कुरकुरला. बोटांमधून खारट पाणी त्याच्या भेगांवर पडलं. झोंबलं असणार. तो हलला नाही.

तो गेल्यावर तुळसाने करवंटी तोंडाला लावली आणि ते पाणी पिऊन टाकलं. आता त्याचं काही काम उरलं नव्हतं.

पण थांबा. अजून एक यायचा होता. ओटीच्या बाजूने धाप ऐकू आली. मोठी, शिट्टी वाजवणारी. जमीन हलली. फडक्याला हात लागला आणि आवाज आला, "आं?" म्हणजे फडकं आधीच गळत होतं.  "वल्लंच हाय?" मग जरा विचार केल्यासारखं, "तरी पन असू दे." आणि भोपळ्याचं बूच निघालं. पॉक! घळघळ ताडी ओतल्याचा आवाज. घरभर आंबूस गोड वास. "गोविंदा, जेव रे बाबा आता," धाप म्हणाली आणि बाहेर गेली.

उंबऱ्यात आवडाबाई आता ओवी म्हणत नव्हती. तिची पाठ गदागदा हलत होती. तुळसाने वरून बघितलं, आजीने पदर तोंडात कोंबलेला.

दिवेलागण झाली. हौसाबाईने तुळशीपाशी दिवा लावला. सगळी फडक्याभोवती जमली, हात बांधून. कुणी कुणाकडे बघेना.

आवडाबाईने फडकं सोडलं.

फडकं रिकामं. आत खडा नाहीच! हसलेला नाही, रडलेला नाही, नाहीच. ताट मात्र काठोकाठ.

"आयला," परशुराम म्हणाला.

काळुराम खोकला. हौसाबाईने बांगड्या पदराखाली घेतल्या. महिपतने घसा साफ केला. घरातला थोरला तो, बोलायचं त्यालाच होतं.

"ढग," महिपत म्हणाला. "ढग आला असंल घरात."

"हां! ढगच!" काळुराम एवढ्या जोरात म्हणाला की दिवा हलला. "हितं येतो दादा. माझं आख्खं दुकान नेलेलं त्यानं!"

"मी पन बघितला," परशुराम म्हणाला. "माझ्या अंगावरनंच आत शिरला. चांगला जाडा ढग."

"जाडा होताच," आवडाबाई म्हणाली, त्याच्या पोटाकडे बघत. तिने ताटात बोट बुडवून चाखलं. सगळे डोळे तिच्या बोटावर. "पन ह्याला ताडीचा वास कनाला येतो?"

परशुरामने भोपळा हळूच पाठीमागे सरकवला.

"मानपाड्याच्या ताडांवरनं आला असंल," तुळसा म्हणाली.

आवडाबाईने नातीकडे बघितलं. बराच वेळ. त्या नजरेत काय होतं ते तुळसाला मोठी झाल्यावर कळलं: म्हातारीने त्या दिवशी आपली जागा कुणाला द्यायची ते ठरवून टाकलेलं.

"असंल, असंल," आवडाबाई म्हणाली.

"पन आई," महिपतला चैन पडेना, "रडलेला खडा बघितलाय. सगळाच विरला तर काय समजाचा? असा कंदी झालाच नाय."

आवडाबाईने ताट दिव्याजवळ धरलं. "बघा. ह्यात परशुरामाचा खडा कुठला, आपला कुठला, दाखव मना. नाय दाखवता येत ना? पानी एक झालं. सोयरीक दोन घरांची होते. ही आता दोन घरं राहिली नाय. भावकी झाली. मंग गोविंदा हिचा कोन?"

"भाऊ!" परशुराम ओरडला. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नात झाला नसेल. मग लगेच तोंड पाडून म्हणाला, "म्हंजे, वाईट वाटतं. पन मिठापुढं कोन जानार?"

"कोनीच नाय," महिपत म्हणाला. "शब्द परत घे, परशुराम."

"घेतला. तुझा तू घे."

"घेतला."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि मला सांगायला हवं, महिपत त्या मिठीत पार दिसेनासा झाला.

त्या ताटातलं पाणी आवडाबाईने फेकलं नाही. रात्रीच्या कालवणात घातलं. सगळ्यांनी एका पंगतीत ते खाल्लं, खारट, जरासं ताडीचं. परशुरामने तीनदा मागून घेतलं. महिपत जेवता जेवता म्हणाला, "काळ्या, कालवन बेस झालंय." भावाला काळ्या म्हणून त्याने कित्येक वर्षांनी हाक मारलेली, मिठागर बंद झाल्यापासून पहिल्यांदा. काळुरामने उठून त्याला आणखी वाढलं.

तुळसा हात धुवायला बाहेर आली. खाली अंधारात दिव्यांची रांग सरकत होती. आगगाडी. तिने कान देऊन वाट बघितली. गाडी गेली, आणि मग आवाज आला.

तर असं झालं. सगळं खरं. खडा खरा, ताडी खरी, ते तेल लावलेले पाय तर सगळ्यात खरे. फक्त... बरं, आता एवढं ऐकलंत तर सांगते. तो ढग मी घातला. त्या दुपारी कातळपेठेवर आभाळ कसं होतं, घासलेल्या परातीसारखं! ऊन असं की माशी सावली शोधत होती. तुळसाला माळ्यावरून सगळं लख्ख दिसलं, एकेकाचं तोंड दिसलं, काकाचे डोळेसुद्धा. तिने ते मरेपर्यंत माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. पण मोठ्या माणसांची तशी तोंडं उघड्यावर कशी ठेवायची? काहीतरी पांघरूण हवं. आणि ढग काही मी एकटीने नाही काढला. दिवेलागणीला त्या निरभ्र आभाळाखाली महिपत म्हणालाच होता ना, ढग आला असंल? मी फक्त तो दुपारपासून आणला.